कुरकुर वेगळी, गाऱ्हाणं वेगळं

वादळात केळीची बाग आडवी झालेली असो, दुबार पेरणीही वाया गेलेली असो, नाहीतर घरात मयत झालेलं असो, आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाक्य तयारच असतं: "कुरकुर करू नका, देवाचे उपकार माना." रावेर-यावलपासून नवापूरपर्यंत कुठल्याही घरगुती प्रार्थनेत बसा. एखादी माय "देवा, तू आयकस का नही?" म्हणून हंबरडा फोडते आणि शेजारची बाई लगेच तिच्या पाठीवर हात ठेवून तिला गप्प करते. हेतू चांगलाच असतो. पण अशाने माणसाच्या हातातून स्तोत्रसंहिता, म्हणजे पवित्र शास्त्रातलं प्रार्थनागीतांचं पुस्तक, काढून घेतली जाते, आणि तीही नेमकी त्याला तिची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा.

पवित्र शास्त्र ज्या कुरकुरीला दोष देतं ती एक गोष्ट. पवित्र शास्त्र स्वतः आपल्याला जे गाऱ्हाणं गायला शिकवतं ती दुसरी. या दोन्हींची इतकी वर्षं सरमिसळ झाली आहे की आता कित्येक पाळकही संदेशात ती वेगळी करून सांगत नाहीत.

कुरकुरीबद्दल फार सांगायला नको, ती गोष्ट संडेस्कूलपासून पाठ आहे. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक, रान, पाणी नाही, देवाने रोज पुरवलेल्या मान्न्याचा कंटाळा, पुढारी मोशेवर राग. पुढे प्रेषित पौल पत्रांतून करिंथकरांना (१ करिंथ १०:१०) आणि फिलिप्पैकरांना (२:१४) तीच ताकीद देतो. हे सगळं खरं आहे आणि मान्य आहे.

आता स्तोत्रसंहिता उघडा. १५० स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. १३व्या स्तोत्रात पहिल्या दोन ओव्यांमध्येच "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो. १०वं स्तोत्र देवाला विचारतं की तू दूर का उभा आहेस. ४४व्यात अख्खी प्रजा देवाला म्हणते, जागा हो, झोपलास का? १०२व्याच्या मथळ्यातच लिहिलं आहे की ही एका गांजलेल्याची प्रार्थना आहे, तो परमेश्वरापुढे आपलं गाऱ्हाणं ओततो. ही काही चोरून लिहिलेली कागदं नव्हेत. उपासनेत मोठ्याने गाण्यासाठी ती जपून ठेवली गेली. वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडून जी आरोळी निघाली, ती २२व्या स्तोत्राची पहिली ओळ होती: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? देवाला "का" विचारणं हाच अविश्वास, असं म्हणणाऱ्याने आधी या ओळीचं काय करायचं ते सांगावं.

मग फरक कशात आहे? इथे बहुतेक जण चुकीच्या मोजपट्ट्या काढतात. शब्द कठोर आहेत की मऊ, यावरून फरक ठरत नाही. ४४व्या स्तोत्राइतकं कठोर तर रानातल्या लोकांपैकीही फार थोडे बोलले असतील. रडू येतं की नाही, यावरूनही ठरत नाही. दुःख खरं आहे की उगाच, हीही मोजपट्टी नव्हे. रानात तहान खरीच होती.

उत्तर पवित्र शास्त्रातल्या गणना या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात आहे. एकाच छावणीत, एकाच दिवशी, दोन तक्रारी होतात. लोक आपापल्या डेऱ्याच्या दाराशी रडत बसले आहेत: मिसरात मासे फुकट मिळायचे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण, आणि इथे डोळ्यांपुढे फक्त हा मान्ना. तिकडे मोशेही वैतागला आहे, आणि त्याची भाषा लोकांपेक्षा जास्त भयंकर आहे. तू आपल्या दासाला हे दुःख का दिलंस? या लोकांना मी जन्म दिला का? हा भार मला एकट्याला झेपत नाही, असंच वागवणार असशील तर मला मारून टाक. हे सगळं तो परमेश्वराला तोंडावर म्हणतो.

पुढे काय होतं ते बघा. लोकांना हवं ते मांस मिळतं, लावे पक्षी येतात, पण घास दातांत असतानाच मरी येते. मोशेला मात्र शिक्षा होत नाही, साधी रागावणीही नाही. "सत्तर वडील निवड, ते तुझ्याबरोबर भार उचलतील," असं त्याला सांगितलं जातं. मरण मागणाऱ्याला मदतनीस मिळतात.

दोघांमधला फरक एवढाच की मोशे देवाकडे तोंड करून बोलला आणि लोक देवाकडे पाठ करून बोलले. स्तोत्रसंहिताही हाच भेद धरून चालते. १०६व्या स्तोत्रात पूर्वजांचा दोष सांगताना नेमकं म्हटलं आहे की त्यांनी आपल्या डेऱ्यांत कुरकुर केली आणि परमेश्वराची वाणी ऐकली नाही. डेऱ्यांत, म्हणजे देव जणू तिथे नाहीच अशा रीतीने. ७८व्यात ते विचारतात, देवाला रानात मेज मांडता येईल का? प्रश्न देवाविषयी आहे, पण देवाला विचारलेला नाही. उलट १४२व्यातला माणूस म्हणतो की मी माझी तक्रार त्याच्यापुढे ओततो, माझं संकट त्याला सांगतो.

याचा अर्थ दुःख फक्त देवालाच सांगायचं, माणसांना नाही, असा कुणी काढू नये. शेजारणीपाशी मन मोकळं करणं म्हणजे कुरकुर नव्हे. १४२व्यातल्या माणसाची एक तक्रार तर हीच आहे की माझी विचारपूस करणारं कुणी नाही. आणि तोंड दाबून बसल्याने काय होतं, ते ३९वं स्तोत्र सांगतं: मी गप्प राहिलो, बरंही बोललो नाही, आणि माझं दुःख वाढलं, आत आग पेटली. ज्या बाईला आपण प्रार्थनेत गप्प केलं, तिला आपण या माणसाच्या जागी नेऊन बसवलं.

दुसरा फरक आठवणीचा आहे, आणि तो पहिल्यातूनच निघतो. कुरकुर करणारा भूतकाळ बदलून टाकतो. मिसरातली वेठ, चाबूक, नदीत टाकलेली मुलं सगळं पुसून जातं, उरतात कांदे आणि लसूण. गाऱ्हाणं मांडणारा उलट करतो. ७७व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ रात्रभर झोपू शकत नाही, देव कृपा करायला विसरला का असं विचारतो, आणि मग ठरवून जुनी कृत्यं आठवायला बसतो. ४४व्याची सुरुवातच "आमच्या वाडवडिलांनी आम्हाला सांगितलं आहे" अशी आहे. पूर्वी तू केलंस, म्हणून आता विचारतो: गाऱ्हाण्याला धार येते ती इथून.

"पण स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात ना," असं लगेच कुणीतरी म्हणतं. बहुतेक वळतात. १३वं सहा ओव्यांत वळतं. पण ८८वं वळत नाही, ते अंधारातच संपतं. तरीही ते पुस्तकात आहे. त्याची पहिली ओळ वाचा: माझ्या तारणाऱ्या देवा, मी रात्रंदिवस तुझ्यापुढे ओरडतो. तोंड देवाकडे आहे, एवढंच त्याच्यापाशी शिल्लक आहे, आणि तेवढं पुरेसं मानलं गेलं. म्हणून कुणाच्या विलापाला घाईघाईने "आमेन, हालेलुया" लावून शेवट गोड करू नये. मला ते अंत्यविधीत फार खटकतं.

माझ्या मते आशा नेमकी इथेच सापडते. ४२वं आणि ४३वं स्तोत्र मुळात एकच असावं, कारण एकच ध्रुवपद दोन्हींत मिळून तीनदा येतं: माझ्या जिवा, तू का खिन्न झालास, देवाची आशा धर. तीनदा का? कारण एकदा म्हणून भागलं नाही. मधल्या जागेत तक्रार परत येते, तू मला का विसरलास हा प्रश्न परत येतो, आणि माणूस परत स्वतःला सांगतो. रोजच्या जगण्यातली आशा अशीच असते. सकाळी धरलेली दुपारी सुटते, संध्याकाळी परत धरावी लागते.

१२६व्या स्तोत्राचंही तसंच. मोबाइलवर सूर्योदयाच्या चित्रावर त्यातली एकच ओळ फिरते: जे आसवं गाळत पेरतात ते आनंदाने कापणी करतील. तिच्या आधीची ओळ कुणी टाकत नाही. तिच्यात मागणं आहे: नेगेबातल्या ओढ्यांसारखे आमचे दिवस परत आण. नेगेब हा कोरडा मुलूख, तिथले ओढे वर्षातला बराच काळ नुसती वाळू असतात आणि पाऊस पडला की एकदम वाहतात. उन्हाळ्यात पांझरेचं नाहीतर बोरीचं पात्र पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गाणारे अजून वाळूतच उभे आहेत. उसनवारीचं बियाणं दुसऱ्यांदा मातीत टाकणाऱ्या शेतकऱ्याला ही ओळ दिली की कापणीची ओळ पोकळ वाटत नाही.

तोडलेल्या ओव्यांचा मला मनापासून राग आहे. ९१व्या स्तोत्रातली, देवदूत तुला हातांवर झेलतील ही ओळ संदर्भ तोडून प्रभूपुढे कुणी म्हटली, ते मत्तय आणि लूकच्या ४थ्या अध्यायांत बघावं. सैतानाने.

पश्चात्तापाची सात स्तोत्रं (६, ३२, ३८, ५१, १०२, १३०, १४३) हा परंपरेने वेगळा काढलेला गट आहे. त्यातही विलाप आहेच. फक्त आजारी माणसाच्या उशाशी बसून पापकबुलीचं ५१वं वाचू नका. त्याला ताप आहे, त्याच्यावर आरोप नाही.

उद्या कुणाच्या घरी भेटीला जाणार असाल तर १३वं न्या. सहा ओव्या आहेत, अक्षर न वाचणाऱ्या आजीलाही तुमच्यामागून म्हणता येतील. झोप न लागणाऱ्यासाठी ७७वं. दुसऱ्याची भरभराट बघून जळणाऱ्यासाठी ७३वं. त्यातला आसाफ आपली शंका चारचौघांत पसरवत नाही, पवित्रस्थानात घेऊन जातो. म्हातारपणाची भीती वाटत असेल तर ७१वं. स्तोत्र पूर्ण वाचा, मोठ्याने वाचा, आणि ऐकणारा मध्येच रडून काही बोलू लागला तर पुस्तक मिटून त्याला बोलू द्या. तो देवाशी बोलत असेल तर तुमचं काम झालेलं आहे.