गोल पटाशीची धार आणि लाकडाचे धागे

सरळ पटाशीने लाकडात चर खोदायला गेलं की पात्याचे दोन्ही कोपरे लाकडात रुततात आणि चराच्या कडा उचकटून येतात. गोल पटाशीत हा प्रश्न उरतच नाही. तिचं पातं पन्हळीसारखं वळवलेलं असतं. मधला भाग लाकडात शिरतो, कोपरे वर राहतात आणि ढलपी दोन्ही बाजूंनी कापली जाऊन अलगद सुटते. कोपरे बुडतील इतका खोल घाव घातला तर मात्र गोल पटाशीही सरळ पटाशीइतकीच नासधूस करते. खोल चर हवा असेल तर तो तीन-चार उथळ घावांत उतरवायचा.

आता लाकडाकडे वळू. खोडातल्या बहुतेक पेशी लांबट, पोकळ आणि उभ्या रचलेल्या असतात. लाकडाचे धागे म्हणतात ते हेच. त्यांच्या भिंतींना बळकटी देणारे सेल्युलोजचे तंतूही मुख्यतः त्याच दिशेने धावतात, पण शेजारच्या दोन पेशींमधली पकड त्या मानाने कच्ची असते. त्यामुळे धाग्यांच्या दिशेने ताणून लाकूड तोडायला जो जोर लागतो, त्याच्या अगदी थोड्या जोरात ते धाग्यांच्या मधून फाटतं. पटाशी ही मुळात पाचरच. ती घुसली की पात्याच्या पुढे एक बारीक तडा धावतो. पुढचे धागे पृष्ठभागाकडे चढत असतील तर तडा वर येऊन संपतो आणि कापलेली जागा गुळगुळीत राहते. धागे खाली उतरत असतील तर तडा लाकडाच्या पोटात जातो आणि पातं पोचण्याआधीच लाकूड उखडतं.

हे डोळ्यांनी बघायचं तर एखाद्या टाकाऊ फळीवर धाग्यांशी ४५ अंशांत एक चर मारावा. चराची एक भिंत चकचकीत निघेल, दुसरी खरबरीत. घाव एकच, पटाशी तीच. फरक इतकाच की एका भिंतीवर धागे सुलटे भेटले, दुसऱ्या भिंतीवर उलटे. खरबरीत भिंतीवरून विरुद्ध दिशेने एक हलका हात फिरवला की तीही साफ होते. ‘हे लाकूडच वाईट आहे’ ही तक्रार बहुतेक वेळा दिशेची असते, आणि दिशेची नसली तर धारेची.

पटाश्या विकत घेताना त्यांच्यावरचे आकडे गोंधळात टाकतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या यादीत, म्हणजे तिथल्या पटाश्यांच्या क्रमांक-पद्धतीत, ३ ते ११ हे आकडे वळणाचे आहेत. ३ म्हणजे जवळजवळ सपाट, ९ म्हणजे साधारण अर्धवर्तुळ आणि ११ म्हणजे खोल, उभ्या भिंतींची, बारीक शिरा कोरायची पटाशी. पण ७ नंबरची १० मिमी आणि ७ नंबरची २० मिमी पटाशी एकाच त्रिज्येचं वर्तुळ कोरत नाहीत, आणि स्विस बनावटीचे आकडे इंग्लिश आकड्यांशी तंतोतंत जुळतही नाहीत. त्यापेक्षा पात्याची रुंदी आणि वळणाची खोली (दोन कोपरे जोडणाऱ्या रेषेपासून मधला भाग किती खाली आहे ते) पट्टीने मोजावी. रुंदीच्या वर्गाला खोलीच्या आठपटीने भागायचं आणि त्यात निम्मी खोली मिळवायची, की त्रिज्या आली. १४ मिमी रुंद आणि ३ मिमी खोल पटाशीची त्रिज्या अशी पावणेदहा मिमीच्या आसपास भरते. ती चार वेळा उभी दाबली की सुमारे २० मिमी व्यासाचं वर्तुळ पूर्ण होतं. फुलाचा मधला गोल असाच बसवतात, कंपास फक्त आखणीपुरता.

धारेचा कोन मऊ लाकडाला २० अंशांच्या आसपास आणि कठीण लाकडाला २५ ते ३० अंश ठेवतात. कोनमापक नसला तरी अडत नाही. उताराची, म्हणजे धारेपर्यंत तिरक्या घासलेल्या भागाची, लांबी पोलादाच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंश आणि तिप्पटीला जरा कमी असेल तर २० अंश. म्हणजे ३ मिमी जाडीच्या पात्याला ७ मिमी उतार दिला की २५ अंश झाले. कोन कमी ठेवला तर पटाशी लोण्यातून गेल्यासारखी जाते, पण कठीण लाकडात धारेचे बारीक कपचे उडतात. ही देवाणघेवाण टळत नाही.

पाजवताना पटाशी दगडावर आडवी सरकवत मनगटाने गोल फिरवावी लागते, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. नवशिक्यांचं इथेच बिघडतं. फिरवणं कोपऱ्याच्या पलीकडे गेलं की कोपरे गोल होतात, आणि मधेच जास्त रेंगाळलं की धारेला मध्यभागी खळगा पडतो. मूठ वर उचलली गेली तर आणखी वाईट. उतार फुगीर होतो, २५ अंशांची धार प्रत्यक्षात ३५ची होते आणि पटाशी लाकडात न शिरता वरून घसरते. आतल्या बाजूला बर, म्हणजे घासताना वळलेली पोलादाची बारीक कड, आली की ती गोल कडेच्या स्लिप स्टोनने (हातात धरायच्या छोट्या धारदगडाने) काढायची. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी चोळून पातं फक्त मागे ओढायचं. पुढे ढकललं तर चामडंच कापलं जातं.

धार लागली का, हे बोटाने बघू नये. ती दिव्याखाली धरावी. बोथट कड प्रकाश परतवते आणि पांढरी रेघ दिसते. खऱ्या धारेला चमकायला जागाच नसते. मग मऊ लाकडावर धाग्यांना आडवा चर मारावा. चरात बारीक पांढरी रेघ उमटली तर त्या जागी धारेला खाच आहे.

विजेच्या ग्राइंडरवर मात्र जपून. पातं सुमारे एक टक्का कार्बनच्या पोलादाचं असतं. ते लाल तापवून बुडवतात, तेव्हा ते कडक पण ठिसूळ होतं. मग २०० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करतात. त्या वेळी पोलादावर गवती पिवळा रंग चढतो. ग्राइंडरवर कडेला निळा रंग दिसला तर तापमान ३०० अंशांच्या घरात गेलं आणि धारेचं पाणी उतरलं. नंतर पाण्यात बुचकळून ते परत येत नाही, आणि निळेपणा घासून घालवणं ही नुसती रंगसफेदी. तेवढा भागच झिजवून काढावा लागतो. धारेजवळ पोलाद सर्वांत पातळ, म्हणून तिथेच ते सर्वांत आधी तापतं. हाताला चटका बसण्याची वाट न पाहता दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवावं.

सागवानात धार लवकर जाते, त्याचं कारण त्याच्या पेशींमध्ये साठलेली सिलिका. लाकूड तसं मध्यम कठीण आणि तेलकट, कापायला गोड, पण हे कण पोलाद झिजवत राहतात. पेशवाईतल्या वाड्यांमधले सुरूदार (सुरूच्या झाडासारख्या आकाराचे) खांब, महिरपी आणि केळफुलं बहुतांशी सागवानातली आहेत. ते काम करणाऱ्यांचा किती वेळ पाजवण्यात जात असेल, याचा अंदाज एक पाकळी कोरली तरी येतो. सागावर काम करताना चामड्याचा पट्टा हाताशीच ठेवावा आणि धार जाण्याआधी वरचेवर पातं ओढून घ्यावं.

पाकळीची कड आखताना पटाशी अगदी उभी न दाबता किंचित तिरकी धरावी, म्हणजे पाकळीचा तळ माथ्यापेक्षा रुंद राहील. पाकळीच्या खाली आत कोरणं शेवटच्या टप्प्यावर ठेवावं. आधीच पोकळ केलेली पाकळी शेजारच्या घावाच्या दणक्याने उडते. पाकळीचं निमुळतं टोक धाग्यांना आडवं आलं तर त्यात फक्त आखूड धागे उरतात आणि टोक नखाच्या दाबानेही तुटतं. म्हणून आखणी करतानाच लांब पाकळ्या शक्यतो धाग्यांच्या दिशेने घ्याव्यात. गोल फुलात सगळ्याच पाकळ्यांना ते जमत नाही. तिथे आडव्या पाकळ्यांची टोकं थोडी बोथट ठेवतात आणि त्यांच्यावर मोगरी न मारता नुसत्या हाताने काम करतात, दोन्ही हात धारेच्या मागे आणि फळी शिकंज्यात आवळलेली.