लॉबिंगची जाहीर नोंद : अमेरिकेतील शेतमजूर संस्था

एखादा कायदा व्हावा, बदलावा किंवा अडावा म्हणून संस्था लोकप्रतिनिधींकडे जो पाठपुरावा करते, त्याला लॉबिंग म्हणतात. त्या पाठपुराव्याचा खर्च, विषय आणि त्यासाठी नेमलेली माणसे सरकारदरबारी लिहून द्यायची आणि ती नोंद कोणालाही पाहता यायची, अशी अमेरिकेत सक्ती आहे. कंपन्या तिच्या कक्षेत येतात, तशाच ना-नफा संस्थाही येतात. द्राक्षमळ्यांत, टोमॅटोच्या शेतांत, सफरचंदांच्या बागांत राबणाऱ्या मजुरांसाठी झटणाऱ्या संस्थांच्या बाबतीत या नोंदीला जास्तच वजन आहे.

त्याचे कारण इतिहासात आहे. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला संघटना बांधून मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क दिला, पण शेतमजूर त्यातून वगळले. १९३८ च्या किमान वेतन कायद्यातही त्यांना बाहेर ठेवले. किमान वेतन त्यांच्यापैकी काहींना १९६६ च्या दुरुस्तीने मिळाले. जादा तासांची दीडपट मजुरी केंद्रीय कायद्याने आजही मिळत नाही. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये शेतमजुरांसाठी स्वतःचा कामगार संबंध कायदा केला आणि २०१६ मध्ये जादा तासांच्या मजुरीचा. म्हणजे या माणसांना जे मिळाले त्यातले बरेचसे विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवून मिळाले आहे. पायऱ्या झिजवण्याचे काम संस्थांनी केले, आणि म्हणून त्या कोणाच्या पैशावर, कोणाच्या वतीने आणि काय मागत होत्या, हे विचारणे मजुरांच्या हिताचेच आहे.

करमाफी मिळालेली धर्मादाय संस्था करसंहितेच्या कलम ५०१(सी)(३) खाली येते. तिने लॉबिंग करूच नये असा एक पक्का गैरसमज आहे. बंदी आहे ती निवडणुकीत उमेदवाराची बाजू घेण्यावर, आणि ती १९५४ पासून आहे. लॉबिंगबाबत १९३४ ची अट एवढीच, की ते संस्थेच्या कामाचा ‘मोठा भाग’ असू नये. मोठा म्हणजे किती, हे कायद्याने सांगितले नाही. या धूसरपणामुळे छोट्या संस्था भीतीने गप्प बसत आल्या. १९७६ मध्ये त्यावर ५०१(एच) हा पर्याय आला. ५७६८ क्रमांकाचा एक पानी फॉर्म भरला, की मोजमाप थेट खर्चावर होते. संस्थेच्या उद्दिष्टांवरील वार्षिक खर्चाच्या पहिल्या ५ लाख डॉलरांवर २० टक्के, पुढच्या ५ लाखांवर १५, त्यापुढच्या ५ लाखांवर १० आणि उरलेल्यावर ५ टक्के लॉबिंगला चालतात. कमाल मर्यादा १० लाख डॉलर. वर्षाला १० लाख डॉलर खर्च करणारी संस्था याप्रमाणे १ लाख ७५ हजार डॉलर लॉबिंगवर खर्च करू शकते. सामान्य लोकांना ‘तुमच्या आमदाराला फोन करा’ असे सांगण्याच्या मोहिमेवर त्यातला चौथा हिस्साच, म्हणजे ४३,७५० डॉलर. मर्यादा ओलांडली तर जादा रकमेवर २५ टक्के कर लागतो. एवढी ऐसपैस सवलत असूनही कित्येक संस्था हा फॉर्म भरत नाहीत, याची हळहळ वाटते.

कागदावरचे हे आकडे प्रत्यक्षात कसे भरले जातात, ते एका बसच्या उदाहरणावरून कळेल. समजा, कॅलिफोर्नियातल्या डेलानो या गावाहून चाळीस मजूर पहाटे बसने राज्याची राजधानी सॅक्रामेंटोला निघाले. दुपारी ते एका विधेयकावर आमदारांना भेटणार आहेत. बसचे भाडे लॉबिंगच्या खर्चात. रात्री फलक रंगवले, त्यांचा कागद आणि रंगही त्यातच. सोबत गेलेल्या पगारी कार्यकर्तीचे दिवसभराचे तास तिच्या वेळपत्रकात वेगळ्या रकान्यात, कारण त्या तासांचा पगारही त्याच खर्चात जातो. पण जे मजूर स्वखुशीने, दिवसाची मजुरी बुडवून आले, त्यांच्या वेळेची किंमत शून्य धरली जाते. कायदा फक्त झालेला खर्च मोजतो. संस्थेने बुडालेली मजुरी भरून दिली, तर मात्र ती रक्कम लगेच हिशेबात येते. या सगळ्या प्रवासातले सर्वात महाग योगदान मजुरांचे असते आणि नेमके तेच विवरणपत्रात दिसत नाही.

प्रत्येक झगडा लॉबिंगमध्ये मोडत नाही, हेही ध्यानात घ्यावे. कॅलिफोर्नियात मजुरांना आखूड दांड्याच्या कुदळीने तासन्‌तास कंबरेत वाकून काम करावे लागे. तिला स्पॅनिशमध्ये ‘एल कोर्तितो’ म्हणत. या कुदळीने पाठी कायमच्या गेल्या. १९७५ मध्ये ती बंद झाली ती न्यायालयीन लढाई आणि प्रशासकीय निर्णय यांतून, विधेयकातून नव्हे. करकायद्याच्या व्याख्येत विधिमंडळापुढची मागणी तेवढी लॉबिंग ठरते. नियम करणाऱ्या खात्याकडे केलेला अर्ज ठरत नाही. कीटकनाशकांपासून मजुरांचे रक्षण करणारे केंद्रीय नियम २०१५ मध्ये कडक झाले, त्यासाठी संस्थांनी नोंदवलेल्या हरकती-सूचनाही याच कारणाने करकायद्यानुसार लॉबिंग नव्हत्या.

दुसरी चौकट १९९५ च्या लॉबिंग प्रकटन कायद्याची. २००७ मध्ये ती कडक झाली आणि अहवाल सहामाहीऐवजी तिमाही झाले. ज्या कर्मचाऱ्याचा तिमाहीतला किमान २० टक्के वेळ लॉबिंगमध्ये जातो आणि ज्याने लोकप्रतिनिधी किंवा अधिकाऱ्यांशी एकाहून अधिक वेळा संपर्क साधला आहे, तो लॉबिस्ट. संस्थेचा तिमाही खर्च ठरावीक रकमेच्या वर गेला (२०२५ पासून १६,००० डॉलर), की नोंदणी अटळ. अहवाल अमेरिकी संसदेच्या सिनेट आणि प्रतिनिधिगृह या दोन सभागृहांच्या कार्यालयांत जातो आणि कोणालाही पाहता येतो. भारतीयांना या कायद्याची ओळख डिसेंबर २०१२ मध्ये झाली. वॉलमार्टच्या अहवालांतल्या विषयांत भारतीय बाजारपेठ दिसली, संसदेत गदारोळ झाला आणि निवृत्त मुख्य न्यायाधीश मुकुल मुद्गल यांच्यामार्फत चौकशी नेमली गेली. चर्चेत आलेली सुमारे अडीच कोटी डॉलरची रक्कम अनेक वर्षांची आणि अनेक विषयांची होती. भारतावर किती खर्च झाला ते अहवालातून कळत नव्हते. कारण फॉर्म विषयवार खर्च विचारतच नाही. भारतात लॉबिंग प्रकटनासाठी २०१३ मध्ये खासदार कलिकेश नारायण सिंह देव यांनी खासगी विधेयक आणले, पण त्याचा कायदा झाला नाही.

शेतमजुरांच्या दृष्टीने याहून मोठी त्रुटी वेगळी आहे. अहवालात विधेयकाचा क्रमांक द्यावा लागतो; संस्था त्याच्या बाजूने होती की विरोधात, हे सांगावे लागत नाही. मार्च २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने शेती-मनुष्यबळ आधुनिकीकरण विधेयक २४७ विरुद्ध १७४ मतांनी मंजूर केले. सिनेटमध्ये ते अडले. कागदपत्रे नसलेल्या मजुरांना कायदेशीर दर्जाचा मार्ग त्यात होता. सोबत शेतीक्षेत्रात कामगारांच्या काम करण्याच्या परवानगीची इलेक्ट्रॉनिक पडताळणी सक्तीची होणार होती आणि एच-२ए या हंगामी व्हिसाचा विस्तार होता. युनायटेड फार्म वर्कर्स या संघटनेने मालकांच्या संघटनांबरोबर वाटाघाटी करून विधेयकाला पाठिंबा दिला. वॉशिंग्टन राज्यातील फामिलियास उनिदास पोर ला हुस्तिसिया या मजूर संघटनेने विरोध केला. पीकशेतीतले सुमारे ४० टक्के मजूर कागदपत्रांविना असताना असा सौदा योग्य की अयोग्य, यावर प्रामाणिक मतभेद होते. पण मजुरांचे नाव घेऊन कोण काय मागत होते, ते फॉर्म वाचून कळले नसते. उत्तरदायित्वाचा कणा जिथे हवा, नेमकी तिथेच ही नोंद मुकी आहे.

सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांवर बंधने याहून कडक आहेत. कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स ही १९६६ मध्ये सुरू झालेली संस्था गरीब ग्रामीण मजुरांचे खटले लढवते. १९७० च्या अखेरीस गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी तिचा निधी रोखला आणि तिच्यावर आरोपांची जंत्री मांडली. १९७१ मध्ये इतर राज्यांच्या न्यायाधीशांच्या आयोगाने ते आरोप निराधार ठरवले. पुढे १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) विधी सेवा महामंडळाच्या, म्हणजे गरिबांच्या कायदेशीर मदतीला केंद्रीय निधी देणाऱ्या संस्थेच्या, पैशावर चालणाऱ्या संस्थांना बहुतेक लॉबिंग आणि सामूहिक दावे बंद केले, संस्थेचा इतर पैसाही त्या बंधनात आणला. त्यामुळे विधिमंडळातले काम महामंडळाचा पैसा न घेणाऱ्या वेगळ्या संस्थांकडे गेले.

कामगार संघटनांचा कायदा आणखी निराळा. त्यांना लॉबिंगची मर्यादा नाही, पण वर्षाला अडीच लाख डॉलर किंवा त्याहून अधिक जमा असलेल्या संघटनेला एलएम-२ हा तपशीलवार अहवाल कामगार खात्याकडे द्यावा लागतो. त्यात राजकीय काम व लॉबिंगचा खर्च वेगळा दाखवायचा असतो आणि पदाधिकाऱ्यांचा पगारही लिहावा लागतो. मालकांच्या संघटनाही अमर्याद लॉबिंग करू शकतात. त्यांच्या तिजोरीशी मजूर संस्थेची तुलनाच होत नाही.

देणगीदारांची नावे मात्र धर्मादाय संस्थेला जाहीर करावी लागत नाहीत, आणि सदस्यांच्या यादीला सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या ‘एनएएसीपी विरुद्ध अलाबामा’ निकालाचे संरक्षण आहे (एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना). कागदपत्रे नसलेल्या मजुराचे नाव सदस्ययादीतून बाहेर फुटले तर काय होईल, ते उघड आहे. हे संरक्षण राहिलेच पाहिजे.

संस्थेचे फॉर्म ९९० हे वार्षिक विवरणपत्र आणि त्याला जोडलेले लॉबिंगचे परिशिष्ट सी मागील तीन वर्षांपर्यंत कोणालाही कार्यालयात बसून पाहता येते. कारण सांगावे लागत नाही, ओळखपत्रही लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डला स्ट्रॉबेरी खुडणारा मजूर कामावरून सुटल्यावर संस्थेच्या दारात उभा राहून ते मागू शकतो. विवरणपत्र इंग्रजीत असते. त्या शेतांतले कित्येक मजूर घरी मिश्तेक ही मेक्सिकोतली मूळनिवासी भाषा बोलतात, काहींना स्पॅनिशही जेमतेम येते. विवरणपत्राचा अनुवाद करून द्यावा किंवा सदस्यांच्या सभेत ते वाचून दाखवावे, अशी कोणतीही अट कायद्यात नाही. असे वाचन करायचे की नाही, हे संस्थेच्या मनावर आहे.