फॅनची मोटर गेली की मोटरपर्यंत करंटच पोचत नाही?

नवतप्यात वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत गाडी व्यवस्थित जाते, टेम्परेचरचा काटा मध्यावरच असतो. परत येताना नागपूरच्या बर्डीत व्हरायटी चौकाच्या सिग्नलला अडकली की काटा चढू लागतो. धावत्या गाडीत वाऱ्यानेच रेडिएटर थंड राहतो, उभ्या गाडीत ते काम एकट्या फॅनचं. म्हणून संशय फॅनवर जातो, आणि तो बहुतेकदा बरोबरही असतो. चूक पुढे होते. फॅन फिरत नाही म्हणजे मोटरच जळली असं धरून नवी मोटर बसवतात, आणि तीही फिरत नाही.

मोटर जाणं आणि मोटरला करंट न मिळणं, बॉनेट उघडल्यावर दोन्ही सारखंच दिसतं. दोघांच्या मधली सीमा म्हणजे फॅनचं कनेक्टर. ते काढायचं आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या.

त्याआधी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कूलंट कमी असेल तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो, त्याला खरं तापमान कळत नाही आणि सगळं धड असूनही फॅन लागत नाही. मग इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन लागतो. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटर सोडून द्या. दोष सेन्सरचा किंवा त्याच्याकडून येणाऱ्या हुकमाचा.

एसीवरही फिरला नाही तर चावी काढा, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक लागतो. पातं हाताने फिरवून बघा. अडकत असेल तर बेअरिंग गेलं. मोकळं फिरत असेल तर मोटरच्या दोन पिनांना बॅटरीवरून जाड वायरीने, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज घालून, सरळ सप्लाय द्या. जोरात फिरली तर मोटर चांगली. नाही फिरली, पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर फिरली, तर कार्बन ब्रश झिजलेत; ही मोटर दोन दिवसांत पुन्हा बंद पडेल, बदलाच. कनेक्टरला दोनपेक्षा जास्त वायरी असतील तर वायरिंगचा नकाशा बघितल्याशिवाय हा प्रयोग करू नका, कंट्रोल मॉड्यूल जळू शकतं.

आता दुसरी, गाडीकडून करंट आणणारी बाजू, आणि इथे मल्टिमीटर हमखास फसवतो. गंजलेल्या टर्मिनलमधूनही तो १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला करंट जवळजवळ लागतच नाही. फॅनला मात्र १० ते २० अँपिअर लागतात. म्हणून इंजिन चालू, एसी लावलेला ठेवून कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा. लख्ख पेटला तर दोष मोटरकडे. मंद पेटला तर अर्थिंग, रिलेचे (फॅनचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) काँटॅक्ट किंवा कनेक्टर. टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळलेलं असेल तर दोष तिथेच आहे.

बल्ब पेटलाच नाही तर आधी फ्यूज. पण फ्यूज उडालाय म्हणून मोटर निर्दोष ठरत नाही. जाम झालेली मोटर जास्त करंट खेचते आणि तोच फ्यूज पुन्हा पुन्हा उडवते. तिथे मोठा फ्यूज किंवा तार घालणं म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी. फ्यूज शाबूत असेल तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले फॅनच्या जागी लावून बघा. तरीही काही नाही, तर रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ नंबरच्या जागा फ्यूज घातलेल्या वायरीने जोडा. फॅन फिरला तर पॉवरची बाजू ठीक, हुकूम येत नाही. वायर काढून रिले परत लावा. सेन्सरचं कनेक्टर काढल्यावर बऱ्याच गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) खबरदारी म्हणून फॅन लावतो. तसा लागला तर सेन्सर बदला. नाही लागला तर उंदरांनी कुरतडलेली वायर शोधा.

एवढी तपासणी टाळून फॅन 'डायरेक्ट' करून देतात, ते मान्य करू नका. फॅन कायम चालू राहतो, मोटर लवकर झिजते आणि खरा बिघाड तसाच झाकून राहतो.

दुरुस्तीनंतर एसी बंद ठेवून इंजिन तसंच उभं चालू ठेवा. बहुतेक गाड्यांत ९५ ते १०० अंशांच्या आसपास फॅन आपोआप लागतो आणि थोड्या वेळाने बंद होतो. अशा दोन फेऱ्या डोळ्यांनी बघूनच बॉनेट लावा.