ओन्सेनच्या मुक्कामी बाग कोठून आली

जपानमध्ये ओन्सेनच्या, म्हणजे गरम झऱ्यांच्या गावी उतरलेला पाहुणा स्नान आणि जेवण यांच्या मधल्या वेळात सुती युकाता अंगात घालून, लाकडी गेता पायांत चढवून रयोकानच्या, म्हणजे पारंपरिक पाहुणेघराच्या, बागेत फेरी मारतो. तळे, पाइनची वाकवलेली झाडे, दगडी दिवा आणि वळणे घेत जाणारी पायवाट हे सारे माहितीपत्रकांतून हजार वर्षांच्या अखंड परंपरेसारखे मांडले जाते. इतिहास इतका सरळ नाही. झरे प्राचीन आहेत आणि उद्यानकलाही प्राचीन आहे. परंतु दोन्ही एका कुंपणात आली ती बव्हंशी गेल्या शे-सव्वाशे वर्षांत, आणि त्यामागे रेल्वे, उमरावशाहीचा अंत आणि करआकारणी अशी अगदी रुक्ष कारणे आहेत.

झऱ्यांचा लेखी उल्लेख फार जुना आहे. इझुमो प्रांताच्या 733 सालच्या वृत्तांतात तामात्सुकुरी येथील गरम पाण्याचे वर्णन येते. त्या पाण्यात एकदा न्हाल्याने रूप उजळते आणि पुन्हा न्हाल्याने व्याधी जातात, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा त्यात नोंदवली आहे. पुढे शतकानुशतके ओन्सेन म्हणजे उपचारस्थान हीच समजूत कायम राहिली. सात दिवसांचे एक आवर्तन, अशी तीन आवर्तने करण्याची रीत होती. शेतीच्या कामांतून मोकळे झालेले लोक तांदूळ बरोबर घेऊन येत, उतरलेल्या ठिकाणी स्वतः रांधत आणि गावाच्या सामाईक स्नानगृहात जात. खुद्द शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, तोकुगावा इएयासू 1604 मध्ये आतामी या ओन्सेनच्या गावी सात दिवस राहून गेला आणि पुढे तिथले पाणी पिंपांत भरून शोगुनांसाठी एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्यात पोहोचवले जाऊ लागले. अरुंद दरीत, झऱ्याभोवती दाटीने उभ्या असलेल्या अशा मुक्कामाच्या घरांना तळे खोदण्याइतकी मोकळी जागा असणे दुर्मीळच होते. आवाझू येथील होशी रयोकान 718 मध्ये स्थापन झाल्याचे मानले जाते आणि त्याची बाग प्रसिद्धही आहे; पण अशी उदाहरणे अपवादातच मोडतात.

बागेची वंशावळ वेगळ्याच घरांतून येते. ‘साकुतेइकी’ हा अकराव्या शतकातील ग्रंथ तोकुगावांच्या कितीतरी आधीचा. तो ताचिबाना नो तोशित्सुना या दरबारी उमरावाने रचला असे मानतात. मुळात आडवा असलेला दगड उभा रोवू नये, अन्यथा घरावर संकट ओढवते, इतक्या बारकाव्याचे विधिनिषेध त्यात आहेत. त्या काळची बाग मुख्यतः नावेतून आणि वाड्याच्या ओसरीवरून पाहण्यासाठी असे. चौदाव्या शतकात मुसो सोसेकी या झेन भिक्षूने क्योतोच्या साइहो-जी मंदिरात जी रचना केली, तिथे पायी हिंडण्याला महत्त्व आले. पण चालणाऱ्याच्या पावलांचा खरा विचार केला तो सोळाव्या शतकातील चहाच्या आचार्यांनी.

चहागृहाकडे नेणारी वाट ही त्यांनी एक तयारी मानली. पाय मळू नयेत म्हणून शेवाळात सुटे दगड बसवले गेले आणि त्यांच्या मांडणीतून पाहुण्याची चाल, नजर आणि थांबणे हे तिन्ही ताब्यात घेता येते, हे त्यांच्या ध्यानात आले. लहान, ओबडधोबड दगडांवरून जाताना माणूस खाली पाहूनच चालतो. मग एक रुंद, सपाट दगड येतो, पाय स्थिरावतात, मान वर होते आणि नेमके त्याच जागी झाडांच्या फटीतून तळे दिसावे अशी योजना असते. जिथे दोन वाटा फुटतात, तिथे ज्या वाटेने जायचे नाही तिच्या पहिल्या दगडावर काळ्या दोरीने बांधलेला मुठीएवढा धोंडा ठेवतात. पाटीची गरज पडत नाही. दगड मांडताना सहा हिस्से चालण्याचा आणि चार हिस्से दिसण्याचा विचार करावा, असे सेन नो रिक्यूचे मत सांगितले जाते, तर त्याचा शिष्य फुरुता ओरिबे याने हे प्रमाण नेमके उलटे केले असे म्हणतात. आजही गेता घालून अशा वाटेवरून चालताना रिक्यूचे म्हणणे अधिक पटते, हे नमूद करायला हरकत नाही.

हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले ते एदो काळातील, म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या राजवटीतील, सरदारांनी. 1635 पासून सरदारांना आळीपाळीने एदोमध्ये राहणे सक्तीचे झाले, त्यामुळे राजधानीत त्यांचे वाडे आणि वाड्यांभोवती बागा उभ्या राहिल्या. तशाच बागा त्यांच्या मूळ मुलखातही झाल्या. तळ्याला वळसा घालत जाणारी वाट, टेकडीआड लपून पुन्हा प्रकट होणारा देखावा आणि कुंपणापलीकडचा डोंगर किंवा किल्लाही बागेचाच भाग वाटावा अशी रचना, ही या बागांची लक्षणे होत. ओकायामाचे कोराकुएन हे त्यातले ठळक नाव. इकेदा त्सुनामासाच्या आज्ञेवरून त्सुदा नागातादाने 1687 मध्ये काम सुरू केले आणि 1700 मध्ये ते पूर्णत्वास नेले. नदीपलीकडचा किल्ला त्या बागेच्या दृश्यात येतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान याच कोराकुएनच्या धर्तीवर, पुणे-ओकायामा मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारलेले आहे. त्यामुळे ही चाल मराठी वाचकांपैकी अनेकांच्या पायांना परिचित आहे.

1871 मध्ये सरदारांची संस्थाने खालसा झाली आणि बागांचे आश्रयदाते बदलले. आता मंत्री, बँकवाले आणि जहाजमालक बागा करवून घेऊ लागले. क्योतोमध्ये सातवा ओगावा जिहेइ याने राजकारणी यामागाता आरितोमोसाठी मुरिन-आन या त्याच्या बंगल्याची बाग केली. तिच्यात बिवा सरोवराच्या नव्या कालव्याचे पाणी खळाळते ठेवले आणि हिरवळही आणली. याच वर्गाने समुद्रकाठी आणि डोंगरात, हाकोने व आतामीसारख्या ठिकाणी, बंगले बांधले. इथे प्रथमच घरमालकाचे खासगी गरम पाणी आणि त्याची खासगी बाग मोठ्या संख्येने शेजारी आली. आतामीला पोहोचणे मात्र सोपे नव्हते. 1896 पासून ओदावाराहून तिथे रुळांवरचे छोटे डबे चक्क माणसे ढकलत नेत, आणि चढावर तिसऱ्या वर्गाच्या उतारूंनाही खाली उतरून हात लावावा लागे असे सांगतात. 1925 मध्ये आतामीला रेल्वे स्थानक झाले. 1934 मध्ये तान्ना बोगदा खुला झाल्यावर हे गाव तोकायदो या मुख्य रेल्वेमार्गावर आले.

आतामीच्या किउनकाकूमध्ये हा सारा प्रवास एकाच जागी पाहता येतो. जहाज व्यवसायात श्रीमंत झालेल्या उचिदा नोबुयाने 1919 मध्ये आईच्या विश्रांतीसाठी हा बंगला बांधला. 1925 मध्ये तो रेल्वे उद्योगपती नेझू काइचिरो याच्याकडे गेला. त्याने पाश्चात्त्य धाटणीच्या इमारती वाढवल्या आणि मधल्या बागेला तळ्याभोवती फिरण्याच्या बागेचे रूप दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. 1946 च्या संपत्ती करात सर्वोच्च दर 90 टक्के होता. 1947 मध्ये उमरावांच्या पदव्या गेल्या आणि राजघराण्याच्या 11 शाखांचा दर्जाही संपला. एवढे मोठे बंगले, एवढे माळी सांभाळणे अनेकांना अशक्य झाले. गरम पाणी, बागेकडे तोंड केलेल्या, ताटामी चटया अंथरलेल्या खोल्या आणि तयार पायवाट हाताशी असल्यावर अशी वास्तू रयोकानमध्ये बदलणे सोयीचे होते. किउनकाकू 1947 मध्ये रयोकान झाले. हाकोनेतील गोरा येथे कान्इन राजशाखेचा बंगलाही पुढे याच वाटेने गेला. या घरांची कीर्ती झाल्यावर, ज्यांना असा वारसा नव्हता त्या रयोकानांनीही आवारात तळी खोदली आणि दगड मांडले. 1960 नंतरच्या काँक्रीटच्या उंच हॉटेलांच्या पायथ्याशी दिसणाऱ्या अनेक बागा या अनुकरणातल्या आहेत आणि काही तशाच वाटतात.

किउनकाकूचा रयोकान 1999 मध्ये बंद पडला. पुढच्या वर्षी आतामी नगरपालिकेने वास्तू विकत घेतली, आणि आता तिकीट काढून कोणीही त्या बागेत फिरू शकतो. मुक्काम करण्याची सोय मात्र तिथे उरलेली नाही.