पाळी गेल्यानंतरची हाडं : सल्ला कसा बदलत गेला

पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झालेली बाई पाठ दुखते म्हणून दवाखान्यात गेली, की तीन गोष्टी ऐकून येते. कॅल्शियम घ्या, रोज चाला, जड उचलू नका. यातली पहिली अर्धी खरी, दुसरी अपुरी, आणि तिसरी निदान सरसकट सांगण्यासारखी तरी राहिलेली नाही. तरीही तिन्ही टिकून आहेत, कारण प्रत्येकीमागे त्या त्या काळातलं संशोधन आहे.

सुरुवात बॉस्टनमध्ये होते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या फुलर ऑलब्राइट यांच्याकडे मणके खचलेले, पोक आलेले रुग्ण येत. पासष्टीच्या आतल्या अशा ४२ जणांची त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नोंद केली, तर त्यातल्या ४० पाळी गेलेल्या बायका निघाल्या. १९४० आणि १९४१मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यांना धागा सापडला होता तो कबुतरांत. अंडी घालायच्या आधी कबुतराच्या मादीच्या हाडांच्या पोकळीत जास्तीचं हाड साठतं, पुढे कवचाला चुना हवा म्हणून. इस्ट्रोजेन टोचलं तर नरातही ते साठतं. म्हणजे हे संप्रेरक हाड बांधतं, पाळी गेल्यावर ते आटलं की बांधकाम थांबतं, असं ऑलब्राइट यांनी मांडलं.

इस्ट्रोजेनशी नातं त्यांनी अचूक ओळखलं, पण त्याचा अर्थ लावताना थोडी गल्लत झाली. बांधकाम थांबत नाही, पाडकाम वाढतं. हाड आयुष्यभर एकीकडून कुरतडलं जातं आणि दुसरीकडून भरलं जातं. इस्ट्रोजेन कुरतडणाऱ्या पेशींना आवरून धरतं. ऑलब्राइट यांच्या लेखी मात्र हा कॅल्शियमचा विकार नव्हताच. हाडाचा प्रथिनांचा सांगाडाच नीट विणला जात नाही, मग त्यात चुना भरून काय उपयोग? उपाय एकच, इस्ट्रोजेन. १९४२मध्ये गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन गोळीच्या रूपात अमेरिकेत विक्रीला आलं, आणि पुढची तीसेक वर्षं आहार आणि व्यायाम मागच्या बाकावर बसले. ब्रिटनमध्ये डॉक्टर ख्रिस्तोफर नॉर्डिन मात्र हट्टाने म्हणत राहिले, की शरीराला कॅल्शियम कमी पडलं तर ते हाडातूनच काढून घेणार.

१९७५च्या अखेरीस इस्ट्रोजेनच्या गोळ्यांचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी संबंध दाखवणारे दोन अभ्यास आले आणि बायका-डॉक्टर दोघेही धास्तावले. नेमक्या त्याच सुमाराला अमेरिकेतल्या ओमाहा शहरात डॉक्टर रॉबर्ट हीनी कॅथलिक जोगिणींच्या (नन) कॅल्शियमचा हिशेब मांडत होते. जोगिणी अशासाठी, की त्यांचं खाणंपिणं ठरावीक, दिनक्रम एकसारखा आणि त्या वर्षानुवर्षं पाठपुराव्यासाठी सापडत. पोटात किती कॅल्शियम गेलं आणि लघवी-शौचातून किती बाहेर पडलं, हे किचकट मोजमाप करून त्यांनी आकडे काढले : इस्ट्रोजेन असताना जमाखर्च जुळायला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम पुरतात, ते गेल्यावर सुमारे १,५०० लागतात. इस्ट्रोजेन कमी झालं की आतडं कॅल्शियम कमी शोषतं आणि मूत्रपिंड जास्त सोडून देतं.

१९८४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेने इस्ट्रोजेनबरोबर हेच १,००० ते १,५०० सांगितले, व्यायामाचीही शिफारस केली. पण औषधाच्या दुकानात गोळीच विकता येते, व्यायाम नाही. अमेरिकेत कॅल्शियमची लाट आली. ‘कॅल्शियम घ्या’ हे आज आपल्याकडेही इतकं आपसूक तोंडात येतं, त्याचं एक कारण मला या लाटेत दिसतं.

ती ओसरायला तीनच वर्षं लागली. १९८७मध्ये डेन्मार्कमधल्या अभ्यासात नुकतीच पाळी गेलेल्या बायकांना रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं. मणक्यासारख्या जाळीदार हाडांची झीज थांबली नाही, इस्ट्रोजेनने थांबली. १९९०मध्ये बेस डॉसन-ह्यूज यांच्या अभ्यासाने कोडं उलगडलं. पाळी जाऊन पाच वर्षं व्हायच्या आत मणक्याला कॅल्शियमचा उपयोग दिसला नाही. सहा किंवा त्याहून जास्त वर्षं झालेल्या आणि आहारात ४०० मिलिग्रॅमपेक्षाही कमी मिळणाऱ्या बायकांना मात्र चांगला झाला. पहिल्या वर्षांतली झीज संप्रेरकाची, तिला दूध-दही अडवू शकत नाही. नंतरची काही अंशी कॅल्शियमच्या उपासमारीची, ती अडवता येते. १९९२मध्ये फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या ३,२७० म्हाताऱ्या बायकांवरच्या प्रयोगातही तेच दिसलं : कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर दीड वर्षात खुब्याची मोडतोड ४३ टक्क्यांनी घटली. याउलट २००६मध्ये ३६,२८२ अमेरिकी बायकांवरच्या मोठ्या चाचणीत खुब्यासाठी ठोस फायदा निघाला नाही, मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. त्या मुळातच बऱ्यापैकी कॅल्शियम खात होत्या. भरल्या हंड्यात आणखी पाणी ओतलं तर ते सांडणारच.

व्यायामाची गोष्ट आहाराहून जुनी, पण भित्री. हाड भाराप्रमाणे आपली घडण बदलतं, हे बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी १८९२मध्येच लिहून ठेवलं होतं. १९४८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात चार धडधाकट तरुणांना कमरेपासून पायापर्यंत प्लास्टरमध्ये सहा-सात आठवडे झोपवून ठेवलं, तर लघवीतून कॅल्शियम वाहू लागलं. १९७७मध्ये टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचं दंडाचं हाड दुसऱ्यापेक्षा खूपच जाड असल्याचं क्ष-किरणांनी दाखवलं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९८४चा प्रयोग. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन यांनी पक्ष्याच्या पंखातल्या हाडावर यंत्राने ठरावीक वेळा भार दिला. दिवसाला चार झटके दिले तरी हाड टिकलं, छत्तीस दिले तर वाढलं, आणि शेकडो-हजारो दिले तरी त्याहून जास्त वाढलं नाही. हाडाला थोडा, पण सवयीपेक्षा जोरदार आणि झटक्याचा भार कळतो. संथ, एकसुरी पावलांची त्याला सवय होऊन जाते. म्हणून चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम, पण मणक्याच्या घनतेत त्याने फारसा फरक पडत नाही. पोहण्याचं आणि सायकलचं तेच.

बायकांवर हे आजमावायला आणखी दहा वर्षं गेली. १९९४मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात मिरियम नेल्सन यांनी ५० ते ७० वयाच्या बायकांना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली. त्यांच्या मणक्याची घनता साधारण एक टक्का वाढली, न उचलणाऱ्यांची जवळपास दोन टक्क्यांनी घटली. २००२मध्ये संप्रेरकांची मोठी अमेरिकी चाचणी स्तनाच्या कर्करोगाच्या वाढत्या धोक्यामुळे मधेच थांबवली गेली. खुब्याची मोडतोड त्यात तिसऱ्या हिश्शाने कमी झाली होती, पण घबराट त्याहून मोठी ठरली आणि औषधाविना काय करता येईल, हा प्रश्न पुन्हा वर आला. २०१८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने विरळ हाडांच्या १०१ बायका घेतल्या. अर्ध्या गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डोक्यावर वजन उचलणं आणि उडी मारून धप्पकन उतरणं असा व्यायाम आठ महिने केला. वजन पेलण्याच्या कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांवर. मणक्याची घनता सुमारे तीन टक्के वाढली. दुखापत म्हणावी ती एकीच्या कमरेत आलेली उसण. पण पहिला महिना हलक्या वजनांवर शिकण्यात गेला होता आणि प्रत्येक वेळी प्रशिक्षक समोर उभा होता. मणका आधीच खचलेल्या बाईने व्हिडिओ बघून घरी करायची ही गोष्ट नव्हे.

आपल्याकडे आकडेही उशिरा सरकले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरेसं मानलं होतं. २०१०मध्ये ते ६०० झालं, २०२०मध्ये १,००० आणि पाळी गेलेल्या बायकांसाठी १,२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत चांगली सुरुवात होते, जरी धान्यातल्या फायटेट या कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या घटकामुळे ते सगळं अंगी लागत नाही. नाचणी भिजवून, मोड आणून सत्त्व केलं तर फायटेट कमी होतं. उरलेलं दूध, दही, ताक, तिळाची चटणी यांतून यायला हवं. अनेक घरांत दूध आधी मुलांच्या पेल्यात जातं आणि बाईच्या वाट्याला चहापुरतं उरतं, तिथे हिशेब मोडतो.