एचएसके ४ पास म्हणजे ‘मध्यम’ चिनी आलं का?

एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी पार केली की चिनी शिकणारी मुलं सर्रास म्हणतात, ‘एचएसके ४ झालं, आता इंटरमीजिएटला बसायला हरकत नाही.’ पण प्रमाणपत्र असलं तरी चीनमधल्या विद्यापीठांच्या भाषावर्गात बहुधा आधी वर्ग ठरवणारी परीक्षा घेतात, आणि तिथे बऱ्याच जणांना वाटलं होतं त्याहून खालचा वर्ग मिळतो.

एचएसके ही चीनची सरकारी परीक्षा. २०१० पासूनच्या सहा पातळ्यांच्या रचनेत चौथीला १,२०० शब्द होते. प्रश्न १००: ऐकण्याचे ४५, वाचनाचे ४०, लेखनाचे १५. गुण ३०० पैकी १८० मिळाले की पास. लेखन म्हणजे काय, तर विस्कटलेले शब्द जुळवून दहा वाक्यं, आणि चित्रं पाहून पाच. परीक्षा संगणकावर दिली तर पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतला उच्चार, टंकायचं आणि समोर येणाऱ्या अक्षरांतून हवं ते निवडायचं. हाताने एकही अक्षर काढावं लागत नाही. बोलणं या पेपरात नाहीच, त्यासाठी एचएसकेके ही वेगळी परीक्षा.

विद्यापीठातल्या मध्यम पातळीच्या वर्गात नेमकं हेच, हाताने लिहिणं आणि बोलणं, मागतात. थिंगश्ये, म्हणजे ऐकून हाताने लिहिणं, सतत चालू असतं. धडा वाचून निबंध लिहायचा, त्यावर वर्गात बोलायचं. आणि व्याकरणाचा खरा घोळ इथेच सुरू होतो. उदाहरणार्थ ‘बा’ या छोट्या शब्दाची रचना. एरवी चिनी वाक्यात कर्म क्रियापदानंतर येतं. ‘बा’ लावला की ते आधी येतं. मराठी माणसाला हे ऐकून हायसं वाटतं, कारण ‘मी पुस्तक टेबलावर ठेवलं’ हा आपलाच क्रम. पण ‘बा’च्या वाक्यात क्रियापद सहसा एकटं सोडता येत नाही. त्या पुस्तकाचं पुढे काय झालं, ते कुठे गेलं, संपलं की फाटलं, हे क्रियापदाला जोडून सांगावं लागतं. परीक्षेत असं वाक्य ओळखता येतं; बोलताना ते आपणहून सुचायला कितीतरी महिने लागतात. माझ्या मते परीक्षा आणि वर्ग यांतला खरा फरक हाच आहे, शब्दसंख्या नव्हे.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत ‘इंटरमीजिएट चायनीज’ म्हणजे बहुतेक ठिकाणी दुसरं वर्ष. तिथे हा शब्द अभ्यासक्रमाचा टप्पा सांगतो, एचएसकेची पातळी नाही.

त्यात आकड्यांचाही गोंधळ आहे. २०२१ मध्ये चीनने नऊ पातळ्यांचं नवं मानक आणलं. त्यात ‘मध्यम’ म्हणजे चौथी ते सहावी. चौथीपर्यंत ३,२४५ शब्द, सहावीपर्यंत ५,४५६. म्हणजे या मानकातली चौथी आणि १,२०० शब्दांची जुनी चौथी यांत सारखा फक्त आकडा. पुस्तक विकत घेण्याआधी ते कोणत्या यादीवर बेतलंय हे बघा. दुकानदार सांगेलच असं नाही.

चिनी माध्यमातल्या पदवीला प्रवेश हवा असेल तर आधी एचएसकेच्या मागे लागा. बरीच विद्यापीठं चौथी पातळी मागतात, मात्र प्रवेशासाठी निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात, तेव्हा फार आधी देऊन ठेवू नका. भाषावर्गालाच जायचं असेल तर प्रमाणपत्राची घाई नको. आधी वही काढा आणि रोज थोडं हाताने लिहा.