शर्यतीचा टायर : नियम आणि खर्च
हौशी मोटरसायकल रेसर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टायर घ्यायच्या आधी तुमच्या क्लासची (तुम्ही ज्या गटात शर्यत चालवता त्याची) या वर्षाची नियमावली मिळवा आणि ती घेऊनच दुकानात या. नियमावली पाहिल्याशिवाय आम्ही शर्यतीसाठी टायर देत नाही. चढवलेला टायर परत घेता येत नाही आणि स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीच्या तपासणीत, तो बाद झाला तर पैसे तुमचेच जातात.

पुण्याहून स्वतःच्या खर्चाने चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर शर्यतीला जाणाऱ्या रायडरांसाठी हे पत्रक काढलं आहे. गाडी एकदाच घ्यावी लागते, सूट आणि हेल्मेट काही वर्षं चालतं. टायरचा खर्च मात्र स्पर्धेच्या दर फेरीला पुन्हा उभा राहतो, आणि नीट लक्ष दिलं तर सर्वांत जास्त बचतही तिथेच होते.

नियम तुमच्याच बाजूचे आहेत

टायरवर बंधनं आली की शर्यतीची मजा जाते, असं काही जणांना वाटतं. आमचं मत नेमकं उलट आहे. बंधन नसेल तिथे पैसेवाला दर सेशनला कोरा टायर चढवतो आणि बाकीच्यांना कर्ज काढून त्याच्या मागे धावावं लागतं. मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलच्या सर्वांत मोठ्या जागतिक स्पर्धेतसुद्धा, हेच झालं होतं. मिशेलिन कंपनी युरोपातल्या शर्यतींसाठी शनिवारी रात्री कारखान्यात खास टायर बनवून रविवारी ट्रॅकवर पोचवायची, आणि ते निवडक रायडरांनाच मिळायचे. २००७ मध्ये प्रत्येक शर्यतीसाठी टायरची संख्या बांधून दिली आणि टायर आधीच ठरवणं सक्तीचं केलं, तेव्हा ते थांबलं. २००९ पासून तिथे सगळ्यांना एकाच कंपनीचे टायर मिळतात, आधी ब्रिजस्टोनचे आणि २०१६ पासून मिशेलिनचे. वर्ल्ड सुपरबाइक या दुसऱ्या जागतिक स्पर्धेने तर २००४ सालीच फक्त पिरेली कंपनीचे टायर ठेवून हा प्रश्न मिटवला होता. जगातल्या सर्वांत श्रीमंत टीमना जे परवडलं नाही, ते हौशी रायडरला कुठून परवडणार?

हौशी क्लासमध्ये हेच नियम लहान स्वरूपात असतात. नियमावली वाचताना कंपनी आणि मॉडेल ठरवून दिलं आहे का, ते आधी बघा. दिलं असेल तर आमच्याकडे विचारण्यासारखं काही उरत नाही, तोच टायर घ्या. अनेकदा तो ट्रॅकवरच ठरलेल्या भावाने मिळतो आणि इथून ओझं वाहून न्यावं लागत नाही. मग साइज बघा. त्यानंतर नक्षीचा टायर सक्तीचा आहे की स्लिक (नक्षी नसलेला गुळगुळीत टायर) चालतो, स्पर्धेच्या एका फेरीत किती टायर वापरता येतात, त्यांवर स्क्रुटिनीत खूण करून घ्यायची आहे का, वॉर्मर (टायर तापवून ठेवणारी गुंडाळी) चालतात का आणि हाताने खाच कापायला मनाई आहे का. शेवटचा मुद्दा बरेच जण वाचतच नाहीत.

खूण केलेला टायर पंक्चर झाला किंवा फाटला तर परस्पर बदलू नका. आधी स्क्रुटिनीयरला दाखवा, लेखी परवानगी घ्या आणि मगच रिम खोला.

साइज

टायरच्या कडेला, समजा, ‘१५०/६० आर १७ ६६ एच’ असं लिहिलेलं आहे. रुंदी १५० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, रेडियल बांधणी, १७ इंचांची रिम. ६६ हा भाराचा आकडा, म्हणजे ३०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. हा आपल्या चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएम आरसी ३९० च्या मागच्या चाकाचा माप आहे. गाडीवर वेगाचं अक्षर यापेक्षा खालचं बसवू नका. वरचं चालतं.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समज आम्हाला रोज खोडून काढावा लागतो. यामाहा आर१५ च्या मागच्या रिमला १४०/७० बसतो. त्याच रिमवर १५० चढवला की टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. मग गाडी वाकवायला जड लागते, वळणात जमिनीला टेकणारं रबर नीट बसत नाही आणि वजन वाढतं ते वेगळंच. स्टॉक क्लासमध्ये (जिथे गाडी कंपनीतून आली तशीच चालवतात) कंपनीचा माप बदलायला बहुतेक वेळा परवानगीही नसते.

वापरलेले स्लिक घेऊ नका

मोठ्या गाड्यांवरून उतरलेले स्लिक पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकवर टीम गाड्या ठेवतात तिथे, स्वस्तात मिळतात. चांगले दिसतात, नवीन असताना महाग असतात, म्हणून मोह होतो. १५० ते ४०० सीसीच्या गाडीसाठी ते घेऊ नयेत, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

स्लिकचं रबर चांगलं तापलं तरच पकडतं. म्हणून मोठे रायडर टायर साधारण ८० अंशांवर वॉर्मरमध्ये गुंडाळून ठेवतात. हलकी गाडी आणि कमी ताकदीचं इंजिन त्याला तेवढं तापवूच शकत नाही. त्यात हौशी क्लासमध्ये वॉर्मर चालत नसेल तर पहिल्या दोन-तीन लॅप (ट्रॅकच्या पूर्ण चकरा) तुम्ही कडक रबरावर गाडी वाकवत असता. शिवाय टायर तापून थंड झाला की दर वेळी थोडा कडक होतो. जुन्या स्लिकची जाडी बाकी असली तरी पकड संपलेली असते, आणि ती संपल्याचं डोळ्यांना दिसत नाही. ते कळतं गाडी पडल्यावर. एका पडण्यात हँडल, फूटपेग, फेअरिंग आणि लिव्हर गेलं की नव्या टायरच्या जोडीपेक्षा जास्त पैसे जातात. अंगाला लागलं तर त्याचा हिशोबच नाही.

‘एनएचएस’ (नॉट फॉर हायवे सर्व्हिस) किंवा ‘फक्त शर्यतीसाठी’ असा शिक्का असलेला टायर रस्त्यावर चालवायचा नसतो. तो आम्ही रोजच्या गाडीला बसवत नाही, कृपया आग्रह करू नये.

हवा

पैसे वाचवायला सर्वांत स्वस्त साधन म्हणजे हवा मोजायचा चांगला गेज. स्वतःचा घ्या आणि कायम तोच वापरा. पंपावरचा एक गेज आणि पिटमधला दुसरा, दोघांत दोन पीएसआयचा फरक सहज निघतो.

थंड टायरमध्ये ३० अंश तापमानाला ३० पीएसआय हवा भरली आणि आतली हवा ७० अंशांपर्यंत तापली, तर गेज सुमारे ३६ दाखवेल. हे भौतिकशास्त्र आहे, टायरचा दोष नाही. म्हणून पिटमध्ये आल्या आल्या, चाक गरम असतानाच हवा मोजा आणि वहीत लिहा. सोबत वेळ, किती लॅप झाल्या आणि हवामान लिहा. पाच मिनिटांनी मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. सकाळी २५ अंश असताना भरलेली हवा दुपारी ४० अंशांत, गाडी उभी असतानाही, दोनेक पीएसआयने वाढते. तेव्हा दर सेशनला नव्याने बघा.

पुण्यातून हवा सेट करून नेऊ नका. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर राहतो. इथे भरलेले ३० पीएसआय चेन्नईत त्याच तापमानाला जवळपास २९ दिसतील. इथे फक्त टायर बसवण्यापुरती हवा ठेवा, खरी हवा ट्रॅकवर भरा. सुरुवातीचा आकडा टायर कंपनीच्या तक्त्यातून घ्या, मित्राच्या गाडीवरून नको, कारण त्याचं वजन आणि रायडिंग वेगळं आहे.

व्हॉल्व्हवर रबरी वॉशरची धातूची टोपी लावा. किरकोळ वस्तू आहे, पण वेगात व्हॉल्व्हची पिन किंचित दबली तर हवा तिथूनच जाते.

टायर काय सांगतो

सेशननंतर टायरवर हात फिरवा. बारीक दाणे आणि चिकटलेले रबराचे तुकडे दिसले तर घाबरू नका, ते बहुतेक वेळा ट्रॅकवरून उचललेलं दुसऱ्यांचं रबर असतं. ते खरवडून काढल्यावर खालचा थर बघा. एकसारखी बारीक खरबरीत पोत असेल तर सगळं ठीक आहे. निळसर चकाकी म्हणजे टायर जास्त तापला. कडेला खोल ओरखडे उठून आतलं रबर उचकटलेलं दिसलं तर पुढचं सेशन सोडा आणि हवा व सस्पेन्शन तपासून घ्या. आधी सस्पेन्शनचं सॅग (वजनाने ते किती दबतं) बघा, कारण ते चुकीचं असेल तर महागातला टायरही एका दिवसात खाल्ला जातो.

घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी बाजू आधी झिजते. मग टायर उलटा चढवून डावी बाजू वापरून घेऊ का, असं विचारलं जातं. कडेला फिरण्याच्या दिशेचा बाण असलेला नक्षीचा टायर आम्ही उलटा चढवत नाही. कंपनी स्वतः परवानगी देत असेल तरच करतो.

नक्षी अगदी गोटा होईपर्यंत ताणू नका. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. नक्षीचा टायर सक्तीचा असलेल्या क्लासमध्ये तीच जोडी पावसातही चालते, वेगळे रेन टायर घ्यावे लागत नाहीत. पण त्यासाठी खाचा शिल्लक हव्यात.

हिशोब लॅपचा करा

समजा मागचा एक टायर सहा हजारांचा आहे आणि १२० लॅप टिकतो. लॅपमागे ५० रुपये. दुसरा चार हजारांचा, पण ५० लॅपमध्ये संपतो. लॅपमागे ८०. स्वस्त कोणता ते उघड आहे, पण लॅप मोजलेल्या नसतील तर कधीच कळणार नाही. सरावाला अर्धवट झिजलेली जोडी ठेवा, पात्रता फेरी आणि शर्यत चांगल्या जोडीवर करा.

घेताना टायरच्या कडेवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. ‘२३२४’ म्हणजे २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. सवलतीतला जुना टायर शर्यतीसाठी घेऊ नका. घरी टायर गच्चीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, सावलीत, मोटर आणि इन्व्हर्टरपासून दूर ठेवा.

पहिल्याच वर्षी उतरत असाल तर एक सुचवतो, जरी त्यात आमची विक्री बुडते. एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या शर्यती आधी बघा. टीव्हीएसची अशी स्पर्धा १९९४ पासून चालू आहे. निवड झाली तर गाडीही त्यांची आणि टायरही त्यांचेच, तुम्ही फक्त चालवायचं. स्वतःच्या गाडीत पैसे घालण्याआधी एक हंगाम असा काढला तर पुढचे निर्णय शहाणपणाने होतात.

दुकानात येताना

चाकं सुटी करून आणलीत तर काम लवकर होतं. डिस्क आणि स्पेसर सांभाळून ठेवा, एक्सलचा टॉर्क (नट किती जोराने आवळायचा तो आकडा) गाडीच्या पुस्तकात बघून लिहून आणा. बॅलन्सिंगची वजनं आम्ही वर टेप मारून देतो. टायर शर्यतीच्या आदल्या दिवशी बदलू नका. नव्या टायरचा वरचा गुळगुळीत थर जायला काही संथ लॅप लागतात, त्या सरावातच करून घ्या. निघण्याआधी किमान चार दिवस चाकं आमच्याकडे पोचवा. रात्रभर ठेवून हवा उतरते का ते आम्ही तपासतो आणि मगच परत देतो.